बाबा गेल्यापासून मुलाने हट्ट करणंच सोडलंय. घरची परिस्थिती त्याला किती सांगावी?

निशिगंध_मानेवाडा
नमस्कार. बरेच महिने इथे नुसतं वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ.

माझे मिस्टर मागच्या वर्षी गेले. हार्ट अटॅक, वय ४१. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर होते. मी इतवारीत कापडाच्या ठोक दुकानात हिशेब बघते. मुलगा सहावीत आहे, सासूबाई आमच्याजवळच राहतात. ओढाताण आहे, पण दोन वेळचं नीट आहे. काळजी वेगळीच आहे.

मुलाने काही मागणंच बंद केलंय. आधी फुटाळा तलावावर नेलं की कणीस, मग आइस्क्रीम, मग परत निघताना फुगा. आता विचारलं तर "नको, पोट भरलंय." खोलीतून निघताना पंखा बंद करतो, आजी खाली बसलेली असली तरी. शाळेच्या सहलीची चिठ्ठी त्याने घरी दाखवलीच नाही. सहल जाऊन आल्यावर दुसऱ्या मुलाच्या आईकडून मला कळलं.

गेल्या आठवड्यात कपडे धुताना त्याच्या पांढऱ्या मोज्यातून काळा रंग सुटायला लागला. बघते तर अंगठ्याकडचा भाग त्याने स्केचपेनने काळा केलेला. बुटाला पुढून भोक पडलं होतं आणि त्यातून पांढरा मोजा दिसू नये म्हणून ही युक्ती. बूट फाटल्याचं मला एका शब्दाने बोलला नव्हता.

नातेवाईक त्याच्या तोंडावर कौतुक करतात, "बापामागे किती शहाणं झालं पोरगं." मला ते ऐकवत नाही.

तर विचारायचं असं की घरात किती येतात, किती जातात हे ११ वर्षांच्या मुलाला सांगावं का? की त्याला काही कळू न देता आपण हसत राहावं? ज्यांनी लहानपणी असे दिवस काढलेत त्यांनी जरूर लिहा.

तर्रीपोहे
ताई, आधी बूट घ्या. बाकी चर्चा चालू राहू द्या, आम्ही इथेच आहोत.

वैशाली_खामला
बुटांना +१. पण गुपचूप आणून ठेवू नका. त्याला सीताबर्डीला सोबत न्या आणि त्यालाच निवडू द्या. मोज्याचा विषय दुकानात तर अजिबात काढू नका. आपण पकडले गेलो असं त्याला वाटलं तर पुढच्या वेळी तो अजून नीट लपवेल.

उमरेडकर
माझं मत वेगळं आहे. वडील कोळसा खाणीत होते, मी नऊ वर्षांचा असताना खाणीतच गेले. आईला अनुकंपावर नोकरी लागली. तिने आम्हा तिघा भावांना ना पगार सांगितला, ना कर्ज. आमच्यासमोर रडली नाही. आम्ही तिघंही शिकलो, नोकरीला लागलो. परिस्थितीच माणसाला घडवते. तुमचं पोट्टं पंखा बंद करून राहिलं तर त्यात वाईट काय आहे? अभिमान वाटू द्या.

वैशाली_खामला
उमरेडकर, पंखा बंद करण्याचं माझ्याकडूनही कौतुकच. फाटका बूट लपवणं ही दुसरी गोष्ट आहे. पंखा बंद करून तो घराला मदत करून राहिला. बूट लपवून तो आईपासून दूर जाऊन राहिला.

मिलवाल्याचा_मुलगा
यावर जरा लांबच लिहितो.

माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये कताई विभागात होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली मिल, १९८६ मध्ये सरकारी महामंडळाकडे गेली आणि पुढे बंदच पडली. आज गांधीसागरच्या बाजूला तिथे मॉल उभा आहे. मिल गेली तेव्हा मी आठवीत, ताई दहावीत, धाकटा तिसरीत.

बाबांनी काहीही लपवलं नाही. स्वयंपाकघरात फडताळाच्या बाजूच्या भिंतीवर ते खडूने किराण्याची उधारी लिहायचे. एकच आकडा. सामान आलं की तो पुसून नवा लिहायचे, पैसे दिले की पुन्हा पुसून कमी करायचे. भिंतीचा तेवढा भाग पुसून पुसून गुळगुळीत झाला होता. कधी आकडा ९०० च्या वर जायचा, कधी १५० वर यायचा. मला त्याचा फार आधार वाटायचा. काय चाललंय हे माहीत होतं. बाबा रात्री गप्प असले तरी का गप्प आहेत ते भिंतीवर लिहिलेलं असायचं, मला भलतेसलते अंदाज बांधावे लागत नसत. शनिवारी सकाळी पेपर टाकून आणलेले पैसे बाबांच्या हातात दिले की ते माझ्यासमोर आकडा बदलायचे. तो अभिमान आजही अंगात आहे.

त्यामुळे माझं उत्तर: सांगा. सगळं सांगा.

आणि उमरेडकर भाऊ, परिस्थिती घडवते म्हणता, पण आमच्या गल्लीतला एक मुलगा गणितात माझ्याहून पुढे होता. मिल बंद झाली त्याच वर्षी त्याची शाळा सुटली. आज तो हातगाडी ओढतो. त्यालाही त्याच परिस्थितीने घडवलं. मात्र असे धागे वाचायला आणि "मी घडलो" असं लिहायला तो येत नाही.

उमरेडकर
मुद्दा कळला. पण आईने सगळं भिंतीवर लिहिलं असतं तर मी अभ्यास करू शकलो असतो असं मला वाटत नाही. प्रत्येक पोट्ट्याचं काळीज वेगळं असतं.

पीएफवाला_काका
ताई, भावनेचं बाकीचे लिहितीलच. मी कागदांचं विचारतो, कारण कितीतरी घरांत हे राहून जातं.

मिस्टरांचा पीएफ कापला जात होता का? असेल तर तीन वेगळे अर्ज असतात. साठलेल्या रकमेसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी आणि विम्यासाठी ५-आयएफ. नोकरीत असताना मृत्यू झाला तर ईडीएलआयचा, म्हणजे पीएफला जोडलेला विमा मिळतो, कमाल ७ लाखांपर्यंत. पेन्शन फक्त बायकोला मिळते असं लोक धरून चालतात. तसं नाही. मुलालाही वेगळी पेन्शन असते: विधवा पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत, एका वेळी दोन मुलांना. बायकोने पुन्हा लग्न केलं तरी मुलाचा हक्क जात नाही.

शिवाय बालसंगोपन योजना. आई किंवा वडील यांपैकी एक जण नसलेल्या मुलालाही लागू आहे, १८ वर्षांपर्यंत, महिन्याला २,२५० रुपये. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा.

निशिगंध_मानेवाडा
काका, फॉर्म २० आणि १०-डी कंपनीने भरून घेतले होते. ५-आयएफबद्दल कोणीच काही बोललं नव्हतं. मुलाच्या नावाची पेन्शन सुरू झाली आहे, रक्कम छोटी आहे. मी ती माझ्याच पैशांत धरत होते. खूप आभार, उद्याच विचारते.

दिघोरीकर
ताई, मी दुसऱ्या बाजूने लिहितो. माझी पत्नी एप्रिल २०२१ मध्ये गेली. त्या महिन्यात नागपुरात बेडसाठी लोक कसे फिरत होते ते इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय, त्यावर जास्त लिहीत नाही. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती.

इथे सगळे मुलांविषयी लिहून राहिले. आपणही बदलतो. मी आधी बिनधास्त माणूस होतो. आता ती शिंकली तरी माझे हात गार पडतात. ऑक्सिमीटर अजून उशाशी असतो. आणि मुलांना हे सगळं कळतं. एकदा शेजारच्या काकूंनी सांगितलं, तुमची लेक ताप आला की आमच्याकडे येऊन कपाळाला हात लावायला सांगते आणि बजावते, बाबांना सांगू नका, ते घाबरतात.

म्हणजे पोरगी आजारी, आणि सांभाळ माझा करून राहिली.

मग आम्ही दोघांनी मिळून एक नियम केला. थर्मामीटर तिच्याकडे. ताप ती स्वतः मोजते, वहीत वेळेसकट लिहिते आणि १०१ च्या वर गेला तरच मला लगेच सांगते, नाहीतर संध्याकाळी. वही मी संध्याकाळीच बघतो. तिला नियम पाळायला काहीच जड गेलं नाही. मला फार जड गेलं. पण आता ती सांगते.

तुमचा मुलगाही पैसे वाचवता वाचवता तुम्हालाच जपत असेल, असं मला वाटतं.

कुमुदिनी_आजी
दिघोरीकर, पोरीला माझे आशीर्वाद. निशिगंध, तूही जेवत जा वेळेवर. सासूबाईंच्या डोक्यावरचा पंखा चालू ठेवायला सांग त्याला, नागपूरचा उन्हाळा म्हाताऱ्यांना सोसत नाही.

महालचा_रहिवासी
थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच आहे.

बाहेरच्यांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. लोक ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" रोगराई, महागाई, जे नको ते सगळं तिच्यासोबत पाठवून द्यायचं.

मी दहा वर्षांचा होतो तेव्हा वडिलांचं दुकान बुडालं. घरात आम्हा पोरांसमोर कोणी बोलायचं नाही. मोठी माणसं मागच्या खोलीत दार लोटून कुजबुजायची. त्या वर्षी मिरवणुकीत माझा धाकटा भाऊ काकांच्या खांद्यावर बसला होता, वय पाच. मारबत समोर आली आणि हा बेंबीच्या देठापासून ओरडला, "बाबांचं कर्ज घेऊन जा गे मारबत!"

अख्ख्या गल्लीने ऐकलं. आईने पदर तोंडावर घेतला. बाबा आधी लाल झाले आणि मग इतके हसले की त्यांना बाजूच्या ओट्यावर बसावं लागलं. पाच वर्षांच्या पोराला कर्ज म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पण ते घरात आहे, बाबांचं आहे आणि ते जायला पाहिजे, एवढं त्याला दार लोटलेलं असूनही समजलं होतं.

त्या रात्री बाबांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं: दुकान गेलं, घर जाणार नाही, शाळा सुटणार नाही, फटाके यंदा कमी. मला फक्त फटाक्यांचं वाईट वाटलं, कारण बाकी सगळ्याची भीती त्या एका वाक्यात निघून गेली होती.

तर्रीपोहे
महालभाऊ, तुमच्या भावाला भेटायचं आहे. पोहे माझ्याकडून.

शाळेतली_समुपदेशक
मी शहरातल्या शाळांमध्ये मुलांसोबत काम करते. निशिगंध, काही गोष्टी तुमच्या कामी येतील.

अकरा वर्षांच्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे पूर्ण समजतं. चार-पाच वर्षांच्या मुलांना ते समजत नाही. म्हणून त्यांना "बाबा झोपलेत" किंवा "बाबा गावाला गेलेत" असं सांगू नये. ती झोपायला घाबरतात किंवा वाट बघत बसतात. तुमच्या मुलाच्या वयात प्रश्न दुसरा असतो आणि तो मुलं क्वचितच तोंडाने विचारतात: आता आईला काही झालं तर माझं काय? कारण त्याला कळलेलं असतं की मोठी माणसं अचानक जाऊ शकतात. याचं खरं उत्तर तयार ठेवा. "मला काही होणार नाही" हे त्याला पटत नाही, कारण बाबांचंही त्याने तसंच धरलं होतं. "मी डॉक्टरकडे तपासणी करून घेते. आणि तरीही काही झालं तर तू मावशीकडे राहशील, मी तिच्याशी बोलले आहे." हे पटतं.

मुलं मोठ्यांसारखी सलग दुःख करत नाहीत. दहा मिनिटं गप्प, मग क्रिकेट, मग रात्री पोटात दुखतं. खेळतोय म्हणजे विसरला असं समजू नका. आणि सतत पोटदुखी, झोप न येणं, शाळेत जायचं टाळणं, आवडीच्या गोष्टींतून मन उडणं हे आठवड्यांमागून आठवडे चालू राहिलं तर तज्ज्ञांना दाखवा. टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता.

पैशांबद्दल: सांगा, पण काळजी सोडवायची जबाबदारी त्याच्यावर देऊ नका. "आपल्याला एवढे येतात, एवढे लागतात, भागवायचं काम माझं आहे." शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. नातेवाईकांनाही सांगा, "घरचा कर्ता पुरुष आता तू" हे बंद करा. अकरा वर्षांचं मूल ते शब्दशः घेतं.

इंदोरा_चौक
"आमच्यासमोर रडली नाही" यावर एक लिहावंसं वाटतं. ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या या गावात लाखोंना दीक्षा दिली, त्या बाबासाहेबांच्या घरातलं दुःख किती जणांना माहीत आहे? स्वतःची आई लहानपणीच गेली, आत्या मीराबाईंनी वाढवलं. पुढे रमाईंची आणि त्यांची चार लेकरं गेली, वाचला तो यशवंत. १९२६ मध्ये राजरत्न गेला तेव्हा त्यांनी मित्राला पत्र लिहून आपला शोक उघडपणे मांडला. ते पत्र छापलेलं आहे, वाचताना गलबलून येतं. १९३५ मध्ये रमाईही गेल्या. एवढा मोठा माणूस, एवढं काम डोक्यावर, आणि तरी आपण मोडून गेलो आहोत हे लिहायला त्यांना कमीपणा वाटला नाही. माझी आजी आम्हाला हे सांगायची आणि म्हणायची, रडा रे बाबांनो, रडून कामाला लागा.

मिलवाल्याचा_मुलगा
काल रात्री हा सगळा धागा मी ताईला फोनवर वाचून दाखवला. तिने जे सांगितलं ते इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

ती म्हणाली, तुला तो आकडा आधार वाटायचा, मला तो जेवताना समोर दिसायचा. माझी जागा बरोब्बर त्या भिंतीसमोर होती. भाजी दुसऱ्यांदा वाढून घेताना मी आकडा बघायचे आणि वाटी मागे घ्यायचे. दहावीच्या गाईडचे पैसे मागितलेच नाहीत, वर्गातल्या मुलीकडून रात्रीपुरतं आणून उतरवून काढलं.

मी विचारलं, मग बाबांनी लपवायला पाहिजे होतं का? ती म्हणाली, नाही रे. लपवलं असतं तर मी अजूनच काहीबाही समजून बसले असते. बाबांनी सांगितलं ते चांगलंच. पण त्यांनी आम्हाला कधी विचारलं नाही. आकडा बघून तुला काय वाटतं, तुझं काय अडलंय, एकदा विचारलं असतं तर मी गाईडचं बोलले असते.

एका घरात, एका भिंतीसमोर आम्ही दोघं वाढलो आणि मला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तेव्हा "सगळं सांगा" एवढंच म्हणणं पुरत नाही. सांगा आणि विचारा.

वैशाली_खामला
ताईंना नमस्कार सांगा.

उमरेडकर
माझं मत मी बदलत नाही, आईच्या गप्प राहण्यामुळेच आम्ही उभे राहिलो. पण ताईंचं वाचून एक लिहितो. आम्ही तिघं भाऊ दिवाळीला भेटतो, शेतीचं, पोरांच्या लग्नांचं सगळं बोलतो. वडिलांबद्दल आजवर एकदाही बोललो नाही. कोणी मनाई केली नव्हती. परवा माझ्या मुलीने विचारलं, आजोबा कसे होते, हसायचे का. मला सांगता येईना. धाकट्याला फोन केला तर त्यालाही आठवेना. आई असती तर विचारलं असतं.

निशिगंध, पैशाचं सांगा की नका सांगू. पण मिस्टरांबद्दल बोलत जा घरात. गाणी कोणती म्हणायचे, कशावर चिडायचे, सगळं.

संत्रानगरी
उमरेडकर भाऊ, मोठ्या भावाला विचारा. थोरल्याला आठवत असतं.

निशिगंध_मानेवाडा
सगळ्यांचे आभार. रविवारी बसलो आम्ही.

बूट आधीच घेतले, त्यानेच निवडले. रविवारी दुपारी मी घरखर्चाची वही काढली. सासूबाईही बसल्या. माझा पगार, ह्यांची पेन्शन, तुझ्या नावाची पेन्शन, असं वेगवेगळं दाखवलं. "ही रक्कम बाबांच्या नोकरीतून दर महिन्याला तुझ्या नावाने येते" म्हटल्यावर त्याने पासबुक हातात घेतलं आणि प्रत्येक महिन्याची नोंद बोटाने बघत गेला. समुपदेशक ताईंनी सांगितलेलं वाक्यही म्हटलं, भागवायचं काम माझं आहे. आणि मिलवाल्या दादांच्या ताईचं ऐकून विचारलं, तुला काय वाटतं, काय अडलंय?

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाबांची गाडी विकावी लागणार का?"

तेराव्याच्या दिवशी कोणीतरी म्हणालं होतं, गाडी आता कोण चालवणार, विकून टाका. ते त्याने ऐकलं होतं. तेव्हापासून हा कणसाचे, सहलीचे पैसे वाचवत होता, गाडी विकायची वेळ येऊ नये म्हणून. मी सांगितलं, गाडीवर कर्ज नाही, विकायची नाही, तू अठरा वर्षांचा होईपर्यंत मामा दर महिन्याला चालवून बघेल. सासूबाई म्हणाल्या, तुझा बाप ती गाडी मला हात लावू देत नव्हता, धुळीचा डाग पडला तरी ओरडायचा. मग ह्यांच्या गाडीप्रेमाच्या इतक्या गोष्टी निघाल्या की संध्याकाळचा स्वयंपाक राहिला. उमरेडकर दादा, तुमचं वाचलं होतं म्हणून मीही थांबवलं नाही.

शेवटी वही बघून म्हणाला, यात दूध आहे, गॅस आहे, आजीच्या गोळ्या आहेत, माझा रकाना कुठे आहे? नव्हता. आता केलाय. महिन्याला ३०० रुपये, हिशेब द्यायचा नाही.

तर्रीपोहे
३०० मध्ये महिनाभर रविवारची तर्री आरामात बसते. पोट्ट्याला चांगला ठेला सांगतो, विपू (निरोप) करा.

दिघोरीकर
"माझा रकाना कुठे आहे" हे आज मुलीला वाचून दाखवलं. ती वही घेऊन बसली आहे.

शाळेतली_समुपदेशक
आता तो चिडचिड करेल, उलट उत्तरं देईल, तेव्हा दचकू नका. इतके दिवस दाबलेलं आहे. आणि वही एकदाच दाखवून बंद करू नका, महिन्यातून एकदा बसा.

नवी_सदस्य_वाडी
आजच खातं उघडलं. माझीही तशीच परिस्थिती आहे, दोन मुली आहेत. काका, मिस्टरांनी कंपनी सोडल्यावर चार महिन्यांनी ते गेले. मग विमा मिळेल का?

पीएफवाला_काका
बेटा, ईडीएलआय नोकरीत असताना मृत्यू झाला तरच मिळतो, त्यामुळे त्याची आशा धरू नकोस. पण नोकरी सोडली म्हणून पेन्शनचा हक्क आपोआप जात नाही, तुझी आणि दोन्ही मुलींची वेगवेगळी तपासून घ्यावी लागेल. पेन्शन फंडातून पैसे काढून घेतले होते का, तेवढं आधी बघ. त्यांचा पीएफचा यूएएन नंबर, मृत्यूचा दाखला, मुलींचे जन्मदाखले आणि बँकेचं पासबुक एका फाइलमध्ये लाव. बालसंगोपनचा अर्ज मात्र थांबू नकोस, दोघींचा वेगवेगळा कर. कुठे अडलं तर याच धाग्यावर लिही.